मंगळवारच्या बातम्या

"मुकुन, माज्या बातम्या तू तासभर पुढं कशाला ढकलल्यास?"

मर्सेलिनमाय कंट्रोल रूमच्या दारात उभी होती. कंट्रोल रूम म्हणजे कोर्लईच्या हमरस्त्यावर, रेशनच्या दुकानावरची एक खोली. आत रिसिव्हरची चळत, एक आवाज करणारा पंखा आणि मी. जिना चढून मायला धाप लागली होती, पण भांडण्यापुरता श्वास तिनं राखून ठेवला होता.

"मी कशाला ढकलू, माय?"

"मग कोन? साडेपाचला लागायच्या. तीन दिस झाले, साडेसहाला लागतायत. साडेपाचला कोनतरी बाप्या टाय लावून बडबडत बसलेला असतो. साडेसहाला माजी मासली चुलीवर असते."

तिला खाली बसवलं, पाणी दिलं आणि रेवदंड्याला आमच्या भूगोलाच्या जुन्या सरांना फोन लावला. ते पोटभर हसले. म्हणाले, त्या बातम्या जिथून येतात तिथं थंडीत सगळा देशच घड्याळं तासभर मागं करतो, म्हणून आपल्याला सगळं तासभर उशिरा दिसतं. मी मायला तसं सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि जरा विचार केला.

"घड्याळ मागं फिरवतात? आन तो तास जातो कुटं?"

"मार्चमध्ये परत मिळतो म्हणे."

"बरा कारभार हाय," माय म्हणाली आणि जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यातून ओरडली, "मासली अगोदर करीन मग!"

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या ऑक्टोबरच्या शेवटची. तेव्हा माझी केबल होती. मी रेवदंड्याचा, मुकुंद चौलकर. रेवदंड्यात आधीच एक केबलवाला पाय रोवून बसला होता, म्हणून मी पूल ओलांडून कोर्लईत बस्तान मांडलं. कोर्लईत डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. ही माणसं बाहेर मराठी बोलतात, पण घरात त्यांची स्वतःची भाषा असते. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी किल्ल्यावर पोर्तुगीज होते, ते गेले आणि त्यांची भाषा मागं राहिली. गावात तिचं इथल्या पाण्यानं काय व्हायचं ते झालं. हे लोक तिला नोलिंग म्हणतात. म्हणजे आमची बोली.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वानरांनी माझी छत्री फिरवली. गच्चीवरच्या मोठ्या डिशवर चार वानरं झोके घेत होती. त्यांना हाकललं, पण छत्रीचं तोंड भलतीकडेच गेलं. तिला जागेवर आणताना पडद्यावर अचानक एक बाई आली. गोरी, गालावर तीळ, निळा कोट, समोर कागद. बातम्या देत होती. कुठली भाषा ते मला कळेना, म्हणून पुढं सरकणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब! हलवू नको!"

माय घरात चित्र येत नाही म्हणून तक्रार घेऊन आली होती. ती पडद्याजवळ गेली. इतकी जवळ की त्या बाईचा तीळ तिनं बोटानं पुसून बघितला. मग म्हणाली, "ही आमचं बोलतेय. दात आवळून बोलतेय, पण आमचंच."

ते पोर्तुगालचं बातम्यांचं चॅनेल होतं, त्याच वर्षी सुरू झालेलं. त्याचं नाव मला नीट उच्चारता येत नसे, गावात त्याला सगळे छत्तीस नंबरच म्हणत. एक चॅनेल दाखवायला एक मॉड्युलेटर लागतो आणि माझ्याकडे छत्तीस होते. पस्तीस भरलेले. छत्तिसाव्यावर क्रिकेटचं चॅनेल टाक म्हणून पोरं माझ्या मागं लागली होती. मी तिथं लिस्बनच्या बातम्या टाकल्या.

पहिल्या आठवड्यात निम्मी वस्ती मायच्या घरी. कुणाला दहा शब्दांतले दोन कळायचे, कुणाला तीन. पावसाळ्यापर्यंत गर्दी ओसरली आणि मायचा कान तयार झाला. त्या चॅनेलचा इतिहास मला तिच्याकडूनच कळत गेला. सुरुवातीला एकच बाई, तो एकच निळा कोट, मागचं घड्याळ बंद. माय म्हणाली, "नवीन दुकान दिसतंय, माल कमी हाय." जूनमध्ये घड्याळ चालू झालं. ऑगस्टमध्ये नवं टेबल आलं. गणपतीच्या सुमाराला खाली तारीख आणि मथळ्यांची पट्टी पळायला लागली. दर वेळी माय जिना चढून येऊन सांगायची, जणू तिच्या माहेरी कुणी घर बांधायला काढलं होतं. तीळवालीला मध्ये सर्दी झाली होती, तर मायनं मला तिला आल्याचा काढा कळवायला सांगितलं.

लाइट गेली की पंचाईत. संध्याकाळी कोर्लईची लाइट हमखास जायची. माझ्याकडे बॅटरी होती. केबलवाल्यांची एक पद्धत असते: लाइट गेली की मॅच किंवा सिरियल कॅसेटवर घ्यायची आणि लाइट आली की पुन्हा लावायची, म्हणजे शिव्या कमी बसतात. मी मायच्या बातम्याही घ्यायचो. कॅसेट एकच, पुसून पुसून तीच वापरलेली.

क्रिकेट नाही म्हणून पोरं चिडायची, पण वस्तीतले म्हातारे मला दुवा द्यायचे. चौलकर भला माणूस. तसं काही नव्हतं.

डिसेंबरात माय एकदा आली ती तक्रार न आणता. हातात गरम करंज्यांचा डबा.

"इनास येतोय. नाताळाला."

इनास तिचा मुलगा. उरणच्या बंदरात क्रेन चालवायचा, बायको वसईची, एक मुलगी. तीन वर्षांत कोर्लईला फिरकला नव्हता.

"मुकुन, त्याला छत्तीस नंबर दाखवायचं हाय. त्याला वाटतं आपलं बोलणं म्हणजे नुसती गावठी कटकट. पोरीला एक शब्द शिकवला नाय. एवढा मोठा देश कोट घालून त्यात बातम्या देतो, ते त्यानं बघायचं, बस. माज्या शेजारी बसून बघायचं. मग नाय बोलला तरी चालेल."

"बोलत नाही का तुमच्याशी?"

"बोलतो की. मराठीत." तिनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "आठवीपर्यंत बोलायचा आमचं. दिवसभर टकळी. एक दिवस शाळेतून आला आन मराठी सुरू. मी आमचं बोलते, तो मराठी बोलतो. पंचवीस वर्सं झाली. काय झालं कुनास ठाऊक. मी इचारलं बी नाय. आज बोलंल, उद्या बोलंल करत रायले."

मी करंजी उचलली होती. ती परत डब्यात ठेवली.

"मुकुन, नाताळाच्या दिवशी लाइट जाऊ दे, काय बी होऊ दे. साडेसहाला बातम्या लागल्या पायजेत."

"लागतील, माय."

बावीस तारखेला, शनिवारी, सकाळी मी रिसिव्हर लावला तर छत्तीस नंबर काळा. मधोमध एक कुलूप आणि खाली दोन ओळी. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या, मला यंत्रं पुरवणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "चॅनेल मोठं झालं चौलकर, आता फुकट नाही. कार्ड लागतं. आणि ते कार्ड इंडियात मिळत नाही. विसरा आणि क्रिकेट टाका."

संध्याकाळी साडेसहाला पाच मिनिटं असताना फोन वाजला. मी तो उचलण्याआधीच कुणाचा ते ओळखलं.

"माय, छत्री हलली आहे. वानरं. मंगळवारपर्यंत करतो."

"मंगळवार म्हनजे नाताळ."

"साडेसहाला लागतील."

फोन ठेवला आणि डोक्याला हात लावून बसलो. रविवारी उगाचच छत्री फिरवून पाहिली. ज्याला कुलूप लागलंय त्याला छत्री काय करणार? सोमवारी इनास आल्याचं कळलं. वस्तीतून चांदण्यांचे कंदील दिसायला लागले. मी खोलीतून बाहेर पडलो नाही. आणि मंगळवारी सकाळी कॅसेट हातात आली. शेवटची कधी घेतली होती? अठरा तारखेला, आठवड्यापूर्वीच्या मंगळवारी. त्या दिवशी लाइट गेली होती.

मी ती तीनदा बघितली. तीळवाली बाई सुरुवातीला नमस्कार करून दिवस-तारीख सांगते, ते मला तिच्या मागच्या आकड्यांवरून कळलं. तेवढं पुढं सरकवलं. राहिली खालची पट्टी, तिच्यात तारीख पळत होती. माझ्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा फिरवायचं यंत्र होतं, दहावीत पास झालेल्यांची नावं वगैरे. त्यावर टाइप केलं: 'कोर्लई ग्रामस्थांना चौलकर केबलतर्फे नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.' ती ओळ नेमकी त्या पट्टीवर बसवली. बरोबर साडेसहाला कॅसेट सुरू केली, खोलीला कुलूप घातलं आणि सायकलवरून मायच्या घरी पोचलो.

घर भरलेलं होतं. टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण काढून ठेवलेलं. माय नवं लुगडं नेसून समोर बसली होती. तिची नात, रेबेका, सात-आठ वर्षांची, तिच्या मांडीला टेकून. सून रव्याचा केक कापत होती. इनास मात्र दाराशी स्टुलावर उभा राहून कंदिलाची वायर जोडत होता. पाठ टीव्हीकडे.

"ये मुकुंद," तो म्हणाला. बऱ्याच वर्षांनी आम्ही समोरासमोर होतो. "तूच केबलवाला. माय फोनवर तुझंच पुराण लावते."

"बघ की जरा," मी म्हणालो.

"ऐकू येतंय."

मी मायकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. कपाळाला बारीकशी आठी पडली, मग ती गेली. तिनं केकची बशी माझ्या हातात दिली.

एक मिनिस्टर झाला, एक आग लागलेली बेकरी झाली. इनास वायरच जोडत होता. एवढी वायर मी आख्ख्या गावाला जोडली नसेल. मग पडद्यावर एक धक्का आला, बंदराचा. काळं लुगड्यासारखं काहीतरी पांघरलेली एक म्हातारी कोळीण उभी होती, आणि कुणीतरी तिच्या तोंडासमोर माइक धरला होता. ती बातमीदारांसारखी दात आवळून बोलत नव्हती. एकेक शब्द तोडून, सावकाश, मध्येच डोळे पुसत बोलत होती.

रेबेका म्हणाली, "पपा, ही आजीसारखी बोलते!"

इनासचे हात थांबले.

"काय म्हणते ती? पपा, का रडते?"

इनास स्टुलावरून उतरला. पडद्याकडे बघत, अडखळत म्हणाला, "तिचा मुलगा... समुद्रात गेलाय. होडीवर तिघं होते. दोन दिवस झाले, पत्ता नाही. ती म्हणते, मी रोज इथं येऊन उभी राहते. त्याला लांबून... धक्का दिसला की मी दिसेन."

तो मायच्या शेजारी कधी बसला ते त्यालाही कळलं नसावं. बातमी संपली, तीळवाली पुढचा कागद घेऊन काहीतरी दुसरंच सांगायला लागली. इनास मायकडे वळला आणि त्यानं काहीतरी विचारलं.

नोलिंगमध्ये.

मला शब्द कळले नाहीत. चाल कळली. प्रश्नाच्या शेवटी वर जाणारा तो आवाज मी ओळखला, कारण आठवीत मी त्याचीच नक्कल करायचो.

ते आता सांगतो. इनास आणि मी रेवदंड्याच्या शाळेत एकाच वर्गात होतो, आणि माय एकदा तिथं डबा घेऊन आली होती, पूल नव्हता तेव्हा, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहून ती इनासशी तिच्या भाषेत बोलली, तोही बोलला. ती गेल्यावर मी बाकावर चढलो आणि दोघांची नक्कल केली. भाषा येत नव्हती, नुसता आवाज, नुसती चाल. वर्ग हसून लोळला. मग महिनाभर मी ती रोज केली, कारण रोज हसायचे. इनास रडला नाही, भांडला नाही. एवढंच, की पुढं त्याच्या तोंडून ती चाल मी कधी ऐकली नाही. मी भला माणूस नव्हतो, त्या घरातून मी घालवलेलं बोलणं मला एका चॅनेलनं परत द्यायचं होतं.

माय एक शब्द बोलली. इनासनं पुन्हा काही विचारलं. तिनं उत्तर दिलं, आता जरा लांब. तो मध्येच अडला, बोटं उडवत शब्द शोधायला लागला, आणि मायनं तो हळूच पुढं केला. सून सुरी हातात धरून दोघांकडे बघत राहिली. रेबेकानं आजीला विचारून तो शब्द दोनदा म्हणून बघितला. टीव्ही चालूच होता, त्याच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. माझे डोळे भरून आले, म्हणून मी केक खाल्ला.

निघताना माय मला दारापर्यंत सोडायला आली. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"ती होडी आली रे. बुधवारीच आली. तिघं बी सुखरूप."

मी चप्पल घालता घालता थांबलो.

"मागच्या मंगळवारच्या बातम्या लावल्यास तू. ती म्हातारी गुरुवारी हसताना दाखवली. पोराला थोबाडीत मारलीन आन मग मिठी मारलीन."

"माय, चॅनेलला कुलूप लागलं. आता ते येणार नाही. मला सांगायचं धाडस झालं नाही."

वाईट वाटलं तिला, ते दिसत होतं. तीळवाली गेली, घड्याळ गेलं, मार्चमध्ये मिळणारा तो तासही गेला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? होडी आली म्हणून?" मी विचारलं.

"कशी बोलू? तो इचारत होता ना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमच्यात इचारत होता, ती येल का गं, येल का. मी बोलले, येल. लगेच आली सांगितलं असतं तर तो परत कंदिलाकडे गेला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. इनास दारात.

"छत्तीस नंबर काळं दिसतंय."

"बंद झालं, इनास. कायमचं."

"आणि त्या होडीचं काय झालं?"

"आली. तिघंही आले."

"तुला काय माहीत? तुला कुठं कळते ती भाषा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कॅसेट त्याच्यासमोर ठेवली. तारीख सांगितली, पट्टी सांगितली. मायला पहिल्या पाच मिनिटांत सगळं कळलं होतं हेही सांगितलं. तो खुर्चीवर बसला आणि कॅसेट हातात फिरवत राहिला.

"म्हणजे तिला माहीत होतं, आणि मी विचारतोय, विचारतोय..." तो हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

"इनास," मी म्हणालो, "आठवीत मी बाकावर चढून..."

"पावट्याची उसळ होती," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी डब्यात. पावट्याची उसळ आणि तांदळाची भाकरी. माय तरीतून घेऊन आली होती, कारण मी सकाळी विसरलो होतो."

पंखा आवाज करत फिरत होता. पंचवीस वर्षांपूर्वीची माझी लाज मी त्याच्यासमोर मांडणार होतो, आणि त्याच्याकडे त्यातली उसळसुद्धा शिल्लक होती.

"माझं चुकलं रे," मी म्हणालो. "फार चुकलं. मायला अजून माहीत नाही."

"नको सांगू. तिला आवडतोस तू." त्यानं कॅसेट टेबलावर ठेवली. "आणि तुझं एकट्याचं नाही. हसणारे चाळीस होते, ते शाळेत. घरी माझ्यावर कोण हसत होतं? तिथं मीच तोंड बंद केलं. एवढी वर्षं ती एका भाषेत विचारते, मी दुसऱ्या भाषेत उत्तर देतो. एकदा तरी रागावायला हवं होतं तिनं."

तो उठला. खिडकीशी गेला, खाली बघितलं. चर्चच्या वळणावर एक मासेवाली पाटी घेऊन बसली होती आणि माय तिच्याशी घासाघीस करत उभी होती. इनासनं खिडकीचं दार ढकललं, बाहेर वाकला आणि तिथूनच मोठ्यानं हाक मारून काहीतरी विचारलं. मला त्यातला एकच शब्द कळला, पेश, म्हणजे मासा. बाकी ती चाल.

मायनं वर बघितलं. कोण ओरडतंय ते तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं हातातला मासा तसाच वर धरून भलंमोठं उत्तर दिलं, बहुतेक शिव्याच.

एस.टी.ची वाट बघत उभी असलेली पाच-सहा माणसं वळून खिडकीकडे बघायला लागली. रेवदंड्याचीच होती, एकदोघं तर आमच्या वर्गातली. इनासनं त्यांच्याकडे बघितलं आणि मायला पुन्हा विचारलं, आधीपेक्षा मोठ्यानं.